व्हेल्क्रोतलं कुसळ आणि अंटार्क्टिकाची मोहीम-क्रूझ

जहाजावरचा दुसरा दिवस. अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा समुद्र, ड्रेक पॅसेज, निम्मा ओलांडून झाला होता, जमिनीचा कुठे पत्ता नव्हता, आणि आम्हाला एकेक मजला करून खालच्या दालनात बोलावलं होतं. किनाऱ्यावर जे घालणार, जे नेणार ते सगळं सोबत आणायचं होतं: बूट, टोपी, पाठपिशवी, कॅमेऱ्याची बॅगसुद्धा. टेबलांवर व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश आणि चिमटे मांडलेले. खिसे उलटे करायचे, चेनच्या कडा बघायच्या, व्हेल्क्रोच्या पट्ट्या ताणून त्यात काय अडकलंय ते शोधायचं.

माझ्या पावसाळी पँटच्या घोट्याजवळच्या व्हेल्क्रोत तपासणाऱ्या मुलीला एक कुसळ सापडलं. पिवळट, बोटाच्या पेराएवढं, शेपटीला पीळ पडलेलं. नोव्हेंबरात राजगडाच्या वाटेवर मोज्यांत घुसतं आणि घरी येईपर्यंत टोचत राहतं, तेच. तिने ते चिमट्याने अलगद ओढलं, दिव्यासमोर धरलं, मला दाखवलं आणि कागदाच्या पुडीत बांधून टाकलं. मग मी एका फॉर्मवर सही केली की माझ्या सामानात आता माती, बी किंवा गवत काहीही नाही.

एवढ्याशा काडीसाठी एवढा खटाटोप कशाला, हे कळलं की ही सहल नेमकी काय आहे ते कळतं. आमच्या शेजारचे काका-काकू येत्या जानेवारीत अंटार्क्टिकाला निघालेत, पुण्याहून जाणाऱ्या एका ग्रुपबरोबर. हल्ली असे ग्रुप मुंबई-पुण्याहून नियमित जातात. काका रोज संध्याकाळी एक नवा प्रश्न घेऊन येतात. त्यातले बरेच प्रश्न इतरांनाही पडत असतील, म्हणून हा लेख.

क्रूझच ना? मग मोहीम कशाला म्हणायचं?

आपल्याकडे क्रूझ म्हटलं की मुंबईहून गोव्याला जाणारं, मजल्यावर मजले चढवलेलं जहाज डोळ्यांसमोर येतं. पोहण्याचा तलाव, रात्री गाणी, आणि बंदराच्या धक्क्याला लागलं की शिडीवरून उतरायचं. मोहीम-क्रूझला यातला धक्काच नसतो. जिथे जायचं तिथे बंदर नाही, रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलचा मनोरा नाही. जहाज लहान असतं, बहुतेकदा शंभर ते दोनशे प्रवाशांचं. ते खोल पाण्यात थांबतं आणि क्रेनने काळ्या रबरी होड्या पाण्यात सोडल्या जातात. या होड्यांना झोडियाक म्हणतात. एका होडीत दहा-बारा माणसं. फुगीर काठावर बसायचं, दोराला धरायचं आणि किनारा आला की घोटाभर पाण्यात पाय टाकून उतरायचं. म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

होडीत चढता-उतरताना हात कसा द्यायचा हेही शिकवतात. हस्तांदोलन करायचं नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं. ओल्या हातमोज्यातून पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. काकूंना मी हे दारातच करून दाखवलं.

दुसरा फरक वेळापत्रकाचा. ब्रोशरवर छापलेला कार्यक्रम हा फक्त बेत असतो. मोहिमेचा प्रमुख रोज संध्याकाळी हवामान आणि बर्फाचे नकाशे बघून उद्याचं सांगतो, आणि सकाळी वारा वाढला तर तेही बदलतं. लमेअर नावाची एक अरुंद सामुद्रधुनी आहे, दोन्ही बाजूंना उभे काळे कडे, मधून जेमतेम जहाज जाईल एवढी वाट. आमच्या सहलीतलं ते मोठं आकर्षण होतं. तोंडाशी पोचलो तर आत बर्फ गच्च दाटलेला. कप्तानाने अर्धा तास वाट पाहिली आणि जहाज वळवलं. कुणी तक्रार केली नाही, कारण समोरचं दृश्य सगळ्यांना दिसत होतं.

आता जरा हिशेब करू, कारण तो फार कमी लोक आधी करतात. नेहमीची सहल दहा-अकरा दिवसांची. त्यातले चार दिवस समुद्र ओलांडण्यात जातात, जायला दोन आणि यायला दोन. पहिला-शेवटचा दिवस चढण्या-उतरण्याचा. उरले चार-पाच दिवस. हवामान चांगलं असेल तर रोज दोनदा किनाऱ्यावर किंवा होडीतून फेरी, प्रत्येक वेळी दीड-दोन तास. त्यातल्या काही फेऱ्या होडीतूनच, म्हणजे सगळं जमून आलं तरी अंटार्क्टिकाच्या मातीवर, दगडांवर, बर्फावर आपले पाय टेकतात ते जेमतेम दहा-पंधरा तास. यासाठी जायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी जाऊन आले आणि मला ते तास पुरले. पण हा आकडा माहीत असूनच निघावं.

‘अंटार्क्टिका’ म्हणजे नक्की कुठे?

खंड प्रचंड आहे, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून मोठा. पर्यटक त्यातलं फक्त एक बोट बघतात. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने वर आलेला जो लांबट भाग नकाशावर दिसतो त्याला अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणतात, आणि बहुतेक सगळी जहाजं तिथेच जातात, अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाच्या उशुआइया गावाहून. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिकडचा उन्हाळा. दिवसाचं तापमान शून्याच्या आसपास. जानेवारीतलं लेह याहून कितीतरी थंड असतं.

काकांनी विचारलं, आपलं मैत्री केंद्र दिसेल का? नाही दिसणार. भारताची मैत्री आणि भारती ही दोन्ही संशोधन केंद्रं खंडाच्या पूर्व भागात, या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. आणि ध्रुवीय अस्वलंही नाहीत. ती उत्तर ध्रुवाकडची. पेंग्विन आणि पांढरं अस्वल फक्त मुलांच्या चित्रांतच शेजारी उभे असतात.

समुद्र एवढा खवळलेला का असतो?

दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाजवळची बेटं यांच्यात सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, तो ड्रेक पॅसेज. त्याची ख्याती वाईट आहे, आणि त्यामागचं कारण आपल्याला सह्याद्रीमुळे चटकन समजेल.

पावसाळी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात आणि कोकणात कोसळतात. वाऱ्याला अडवायला डोंगर आहे. पृथ्वीच्या दक्षिणेकडे, साधारण ५६ ते ६२ अंशांच्या पट्ट्यात, जगाला पूर्ण फेरी मारली तरी अडवायला जमीन जवळपास नाहीच. पश्चिमेचे वारे तिथे अडथळ्याविना फिरत राहतात आणि लाटांना वाढायला हवी तेवढी जागा मिळते. वाऱ्याबरोबर पाणीही फिरतं. हा जगातला सर्वांत मोठा सागरी प्रवाह आहे, जगातल्या सगळ्या नद्यांमधून मिळून जेवढं पाणी वाहतं त्याच्या शंभरपटीहून जास्त. नदीचं पात्र पुलाखाली अरुंद झालं की पाण्याला कशी ओढ येते? या साऱ्या पाण्यासाठी ड्रेक पॅसेज म्हणजे तो अरुंद पूल.

दर वेळी वादळ असतंच असं नाही. जाताना आम्हाला लाटांनी चांगलं हलवलं, येताना समुद्र तलावासारखा होता.

बोट लागणं हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जाणाऱ्या पिढीला तो सांगावा लागत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती म्हणते आपण हलतोय, आणि खोलीच्या भिंती बघणारे डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे. मेंदूला दोन्हींचा मेळ बसवता येत नाही आणि पोट ढवळतं. उपाय साधे: गोळी लाटा सुरू होण्याआधी घ्यायची (कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारून, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर नक्कीच), क्षितिजाकडे बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही. केबिन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्यावी. तिथे हेलकावे कमी, आणि भाडंही सहसा कमी.

ओलांडताना एका ठिकाणी समुद्राचं पाणी अचानक गार होतं. विहिरीत पोहताना वरचं पाणी कोमट असतं आणि सूर मारला की पायांना एकदम गार थर लागतो, तसंच, फक्त इथे तो थर आडवा, हजारो मैल पसरलेला. उत्तरेचं उबदार पाणी आणि दक्षिणेचं थंड पाणी तिथे भेटतं. धुकं येतं, पक्षी बदलतात. जीवशास्त्राच्या दृष्टीने अंटार्क्टिका तिथूनच सुरू होतं.

या जागेचा मालक कोण? व्हिसा कुणाचा?

कुणाचाच नाही. सात देशांनी या खंडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर हक्क सांगितलेला आहे, काही तुकडे तर एकमेकांवर चढलेले आहेत. पण १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि ते सगळे दावे जसेच्या तसे बाजूला ठेवले. लष्करी कारवाया करायच्या नाहीत, अणुस्फोट करायचे नाहीत, विज्ञानासाठी जागा सर्वांना खुली. भारत १९८३ साली या करारात आला. त्याआधीच, डिसेंबर १९८१ मध्ये, पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली होती, आणि भारताच्या ध्रुवीय संशोधनाची मुख्य संस्था आजही गोव्यात वास्कोला आहे. आज पन्नासहून जास्त देश या करारात आहेत. १९९१ च्या माद्रिद पूरक कराराने त्यात पर्यावरणाचे कडक नियम जोडले: खाणकाम बंद, बाहेरचे प्राणी-वनस्पती नेण्यास बंदी, आणि सहलीसकट कुठलंही काम करण्याआधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासून परवानगी घेणं सक्तीचं.

मला हे नेहमी देवराईसारखं वाटतं. मुळशीकडे किंवा कोकणात देवराईत गेलात तर कुंपण नसतं, पहारेकरी नसतो, आणि तरी तिथलं सुकलेलं लाकूडही कुणी घरी नेत नाही. गावाने ठरवलेलं असतं आणि गाव ते पाळतं. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर तुम्हीही पाळायचं.

तर, अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो. अर्जेंटिनाचा लागतो किंवा त्याच्या नियमांतून सूट मिळते, ते निघण्याआधी बघावं. परवानगी मात्र लागते, आणि ती सहसा जहाज चालवणारी कंपनी ज्या देशाची असते त्या देशाकडून घेते. भारतानेही २०२२ साली स्वतंत्र कायदा केला आहे, त्यामुळे आपल्या मोहिमांनाही ही परवानगी कायद्याने आवश्यक आहे.

एका कुसळाने काय बिघडणार?

अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या देशी वनस्पती फक्त दोन आहेत. एक गवत आणि एक उशीसारखी पसरणारी छोटी वनस्पती. बाकी शेवाळं आणि दगडफूल. जिथे एवढंच आहे, तिथे एक नवं गवत आलं की त्याला स्पर्धाच नसते. आणि ते आलंही आहे. द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर, पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन तळाजवळ १९८० च्या दशकात युरोपातलं एक सामान्य अंगणातलं गवत उगवलेलं आढळलं. माणसांच्या सामानातून, बुटांतून आलेलं. ते उपटून काढण्याचे प्रयत्न करावे लागले, कारण बी जमिनीत राहतं आणि पुन्हा उगवतं. आपल्याकडे घाणेरी कशी पसरली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

राजगडाचं कुसळ तिथल्या थंडीत बहुधा रुजलं नसतं. पण कुठलं बी रुजेल आणि कुठलं नाही, हे चिमटा हातात घेतलेल्या माणसाने टेबलाशी बसून ठरवायचं नसतं. शिवाय द्वीपकल्प गेल्या काही दशकांत झपाट्याने तापला आहे. कालपर्यंत जे जगू शकत नव्हतं ते उद्या जगू शकेल.

दुसरी भीती रोगाची. पक्ष्यांचा फ्लू जगभर फिरत फिरत २०२३ साली दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर पोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर मेलेल्या स्कुआ पक्ष्यांत सापडला. त्यामुळे आता प्रत्येक उतरणीआधी आणि नंतर बूट जंतुनाशकाच्या टबात बुडवून घासतात, आणि किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. फक्त बुटाचे तळवे जमिनीला लागले पाहिजेत. काकूंच्या गुडघ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे: दीड तास उभं राहायचं, टेकायला दगड समोर असला तरी. निघायच्या दोन महिने आधीपासून रोज तेवढं चालावं, उभं राहावं, असं मी त्यांना सांगितलंय.

खाणं किनाऱ्यावर न्यायचं नाही. शौचालय नाही. गरज पडली तर होडीने परत जहाजावर. पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतः जवळ आला तर आपण स्थिर उभं राहायचं, रस्ता त्याचा. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी किनाऱ्यावर नसावेत आणि दर वीस माणसांमागे एक मार्गदर्शक असावा. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाने कुणाला उतरवायचंच नाही. हे संख्येचे नियम आधी सहल कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे १९९१ साली स्थापन झालेल्या आयाटोने, स्वतःवर घालून घेतले. २००९ साली करारातल्या देशांनीही ते मान्य केले.

यातला एक नियम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पेंग्विन समुद्रातून वसाहतीकडे एकाच वाटेने जातात-येतात, त्यामुळे बर्फात त्यांच्या पायवाटा पडतात, आपल्या डोंगरातल्या गुरांच्या वाटांसारख्या. आम्ही मऊ बर्फातून चाललो होतो. माझा पाय मांडीपर्यंत आत गेला. बाहेर काढला आणि पुढे निघाले, तर मार्गदर्शकाने थांबवलं. तो गुडघ्यांवर न टेकता, वाकून, बुटाने आणि काठीने तो खड्डा बर्फाने भरू लागला, दाबून दाबून सपाट केला. पेंग्विन त्यात पडला तर वर येऊ शकत नाही, आतच मरतो, एवढंच म्हणाला. मीही माझ्यामागचे दोन खड्डे भरले. शेजारून एक जेंटू पेंग्विन चोचीत खडा घेऊन गेला. घरटं खड्यांचं असतं.

मग तिथे बघायचं काय? बर्फच ना?

बर्फ असतोच, पण एकाच रंगाचा नसतो. जुना, दाबला गेलेला बर्फ निळा दिसतो, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते आणि तो लाल प्रकाश शोषून घेतो. हिमनदी म्हणजे बर्फाचीच नदी, फक्त दिवसाला काही हात किंवा त्याहून कमी सरकणारी. तिचं टोक समुद्रात तुटून पडतं तो हिमनग. तुटताना तोफेसारखा आवाज होतो, आणि लाट किनाऱ्यापर्यंत येते, म्हणून नेको हार्बरसारख्या जागी पाण्याच्या कडेला रेंगाळू देत नाहीत.

पेंग्विनची वसाहत आधी नाकाला कळते. क्रिल म्हणजे कोळंबीच्या जातीतला बारीक जीव, आपल्या जवळ्याचा लांबचा भाऊ म्हणा. पेंग्विन तेच खातात, आणि विष्ठेमुळे अख्खा उतार गुलाबी होतो. वास कसा, विचाराल तर पावसात भिजलेल्या सुकटीच्या वखारीसारखा. कोकणातल्या माणसाला तो परका वाटत नाही.

डिसेप्शन बेट म्हणजे समुद्राने भरलेलं ज्वालामुखीचं विवर. एका अरुंद फटीतून जहाज आत शिरतं. काळ्या वाळूवर गंजलेल्या प्रचंड टाक्या उभ्या आहेत: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे देवमाशांची चरबी उकळून तेल काढत. ते थांबलं, आणि नंतर १९६७ आणि १९६९ च्या उद्रेकांनी तिथले संशोधन तळही मोडले. दक्षिणी समुद्रात त्या काळात देवमाशांची बेसुमार कत्तल झाली. आता कुबडे देवमासे बऱ्यापैकी परतले आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये होडी बंद करून थांबलं की श्वास सोडल्याचा आवाज आधी येतो, मग पाण्यावर ओलसर, माशाच्या वासाची वाफ. शेपटीखालची पांढरी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. प्रवाशांनी काढलेले फोटो हॅपीव्हेल या उपक्रमाकडे जातात आणि त्यावरून एकेक मासा कुठून कुठे जातो ते कळतं.

काही झालं तर वाचवायला कोण येणार?

काकांचा सर्वांत गंभीर प्रश्न. खरं उत्तर: जवळचं दुसरं जहाज. १९६० च्या दशकात लार्स-एरिक लिंडब्लाड या सहल-आयोजकांनी अंटार्क्टिकाला पर्यटक नेण्याची पद्धत घालून दिली आणि १९६९ मध्ये त्यासाठी खास जहाज बांधून घेतलं. तेच जहाज, तोवर ‘एक्सप्लोरर’ नावाने चालणारं, २३ नोव्हेंबर २००७ रोजी बर्फाने भोक पडून किंग जॉर्ज बेटाजवळ बुडालं. जहाजावरचे सगळे १५४ जण जीवनौकांमध्ये काही तास थांबले, आणि ‘नॉर्डनॉर्गे’ हे दुसरं क्रूझ जहाज येऊन त्यांना घेऊन गेलं. एकही जीव गेला नाही. समुद्र त्या दिवशी तुलनेने शांत होता, हे सुदैव.

त्यानंतर नियम घट्ट झाले. २०११ पासून तिथे जड, दाट इंधन तेल वापरायला आणि न्यायलाही बंदी आहे, म्हणजे जहाज फुटलं तरी डांबरासारखं तेल पसरणार नाही. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय संहिता लागू आहे: जहाजाची बांधणी, जीवनौका, खलाशांचं प्रशिक्षण, सगळं थंडीच्या हिशेबाने.

आजारपणाचं मात्र गणित वेगळं. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण हृदयविकाराचा मोठा झटका किंवा खुब्याचं हाड मोडलं तर पेशंटला किंग जॉर्ज बेटावरच्या खडीच्या धावपट्टीपर्यंत नेऊन, हवा उघडली की विमानाने चिलीला न्यावं लागतं. दोन दिवसही लागू शकतात. म्हणून आणीबाणीच्या वाहतुकीचा मोठ्या रकमेचा विमा मागतात आणि आरोग्याचा फॉर्म खरा भरायचा असतो. ‘कळलं तर नेणार नाहीत’ म्हणून मधुमेह किंवा ब्लॉकेज लपवणं धोक्याचं आहे, तुम्हालाही आणि ज्यांची सहल तुमच्यासाठी वळवावी लागेल त्यांनाही.

बर्फ वितळतोय म्हणून बघायला जायचं, आणि तेल जाळत जायचं? हे बरोबर आहे का?

हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. मुंबई ते ब्वेनोस आयरेस सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे १४,९०० किलोमीटर, पुढे उशुआइया आणखी २,४०० च्या आसपास. जाऊन-येऊन ३४ हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे पृथ्वीला फेरी मारायला थोडंच कमी. त्यावर जहाजाचं इंधन. एका माणसाच्या वाट्याला हा धूर फार मोठा आहे.

शिवाय काजळी. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला चढते तीच, फक्त सूक्ष्म. बर्फावर ती बसली की पांढरा बर्फ किंचित काळपट होतो, ऊन परतवण्याऐवजी शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की संशोधन तळांजवळच्या आणि पर्यटक उतरतात त्या जागांजवळच्या बर्फात काजळी जास्त आहे. म्हणजे वैज्ञानिकही यातून सुटत नाहीत.

आणि संख्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात सुमारे सात हजार पर्यटक येत. २०२३-२४ च्या हंगामात १ लाख २० हजारांहून जास्त आले, त्यातले काही न उतरता जहाजावरूनच बघून गेले. जवळपास सगळे त्याच द्वीपकल्पावर, आणि उतरणारे बहुतेक त्याच काही डझन जागी. जहाजं आपापली वेळ आधीच नोंदवून ठेवतात, त्यामुळे आपल्याला दुसरं जहाज क्वचितच दिसतं आणि वाटतं की आपण एकटेच आहोत. ते एकटेपण आखून दिलेलं असतं.

दुसरी बाजू अशी मांडतात की बघून आलेला माणूस त्या जागेचा कैवारी होतो. काही होतात. सगळे होत नाहीत. माझं मत: ही सहल पुण्य म्हणून विकू नये आणि आपणही तसं समजू नये. आयुष्यात एकदा, सगळं माहीत असून, उतरायला मिळेल अशा लहान जहाजाने गेलात तर मी तुम्हाला अडवणार नाही. यादीतला सातवा खंड टिक करायला चार दिवस विमानाने जाऊन येणं मला पटत नाही.

मग बंदीच का घालत नाहीत?

कारण बंदी घालणारा कुणी एक नाही. करारातले निर्णय सर्वसंमतीने होतात, एकानेही नकार दिला तर ठराव पुढे जात नाही. तिथे पोलीसही नाहीत, प्रत्येक देश आपल्या माणसांना आपल्या कायद्याने आवरतो. मे २०२४ मध्ये करारातल्या देशांची बैठक आपल्या कोचीत झाली, आणि तिथे पर्यटनासाठी एक सर्वंकष नियमांचा आराखडा तयार करण्याचं काम सुरू झालं. संख्येवर मर्यादा असावी का, काही जागा काही वर्षं बंद ठेवाव्यात का, हे प्रश्न आता खुलेपणाने मांडले जातायत. पोर्ट लॉक्रॉयला, जिथे १९४४ चा ब्रिटिश तळ आता संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस म्हणून जपला आहे, त्या बेटाचा एक भाग पर्यटकांना बंद ठेवून दोन्ही बाजूंच्या पेंग्विनची तुलना करतात. असं मोजत मोजत ठरवणं हळू असतं, पण मला ते घाईच्या ठरावापेक्षा भरवशाचं वाटतं.

जायचं ठरलंच असेल तर

पैसे: नुसत्या जहाजाचे माणशी साधारण सहा-सात हजार अमेरिकी डॉलरपासून पुढे, केबिनप्रमाणे दुप्पट-तिप्पट. विमान वेगळं. कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: जहाज आयाटोच्या सदस्याचं आहे का, एकूण प्रवासी किती, आणि सगळे एका वेळी उतरतात की पाळीपाळीने. दोनशेच्या आतलं जहाज असेल तर वाट बघण्यात कमी वेळ जातो. शाकाहारी जेवण मिळतं, आधी कळवावं. उशुआइयाला एक-दोन दिवस आधी पोचावं, कारण सामान मागे राहिलं तरी जहाज थांबत नाही.

आणि सामान घरीच तपासावं. गेल्या रविवारी काका त्यांची जुनी ट्रेकची पाठपिशवी घेऊन आले. गॅलरीत पांढरी चादर अंथरली आणि पिशवी उलटी करून झटकली. तांदळाचे पाच-सहा दाणे पडले, हरिश्चंद्रगडाची असेल अशी तांबडी माती, आणि तळाच्या शिवणीत अडकलेलं आघाड्याचं बी, चार ठिकाणी. जुन्या टूथब्रशने शिवण घासली तर आणखी दोन निघाली. काकांनी चष्मा वर करून ती तळहातावर घेतली, जरा वेळ बघितली आणि म्हणाले, “थांब, बूटही घेऊन येतो.”